भरलेल्या गाड्यांची रांग

पाऊस संपत आला आणि ऊन पुन्हा चटके देऊ लागलं की माझ्या नाकात वाळत्या गाळाचा वास येतो. इथं बंगळुरात गाळ कुठला! इथं पाऊस पडतो आणि गटारातून निघून जातो. पण भाद्रपद उलटला, खिडकीतलं ऊन पिवळट झालं, की मी सकाळी उगाच घड्याळाकडे बघायला लागते. कुठं जायचं नसतं. तरी उशीर होईल, उशीर होईल असं वाटत राहतं. लेक विचारते, "आई, तुला कसली एवढी घाई?" काय सांगू तिला. एक हंगाम आहे, तो दर वर्षी येतो आणि मला रांगेत उभं करून जातो.

यंदा तो लेकीच्याच तोंडून आला. ती वाहतुकीचे बेत आखणाऱ्या एका सरकारी कचेरीत कंत्राटावर काम करते. मोठ्या रस्त्याची एक पट्टी फक्त भरलेल्या गाड्यांसाठी ठेवायची, एकेकट्यानं गाडी घेऊन निघणाऱ्यांनी उरलेल्या पट्ट्यांमधून रखडत जायचं, असं धोरण तिथं शिजतं आहे. जेवताना ती फोनवर कुणाशी तरी वाद घालत होती. "दोन माणसं पुरेत की तीन? ड्रायव्हर धरायचा का? लहान मूल धरायचं का? आणि खोटी माणसं बसवली तर?" माझा घास हातातच राहिला. हे सगळे प्रश्न मी आधी ऐकले होते. तापीच्या काठी, चपला हातात घेऊन, घोट्याएवढ्या चिखलात उभी राहून.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव यावलकडून जळगावला जाणाऱ्या रस्त्यावर, नदीच्या अलीकडे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. आई गेली होती, घरात धाकटी भावंडं होती, आणि वडिलांना, म्हणजे आबांना, केळीच्या बागेत वर्षाच्या बोलीवर सालदारी होती. पाठची बहीण हाताशी आली तेव्हा कुठं मला घराबाहेर पडता आलं. जळगावात एका डॉक्टरीणबाईंचं प्रसूतिगृह होतं. तिथं मदतनीस मुलगी हवी होती. आत्यानं शब्द टाकला आणि मला पारखून बघायला ठेवून घेतलं. चादरी बदलायच्या, पाणी उकळायचं, बाळंतिणींना धरून चालवायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शोभा, सकाळी आठला तू इथं हवीस. रात्रपाळीची बाई आठला जाते. बाळं कुणासाठी थांबत नाहीत. दिवाळीपर्यंत बघते, जमलं तर कायम."

आणि आबांनी घरी सांगितलं, "जमलं तं चांगलंच. नही जमलं तं साक्रीकडचं स्थय हाये, दिवाळीनंतर उरकून टाकू." आबा वाईट नव्हते. त्यांनाही लेकींच्या लग्नाची काळजी होती. पण मला त्या दवाखान्यात पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण नावानं हाक मारत होतं. गावात मी शोभी होते, नाहीतर नुसतीच "ए पोरी". ती हाक मला सोडायची नव्हती.

नेमका तेव्हाच पूर आला. पूल राहिला, पण आमच्या बाजूचा भराव अर्धा वाहून गेला. उरलेल्या भरावावरून एका वेळी एकच गाडी जाईल एवढी वाट राहिली, तीही हलक्या गाडीची. एसटी भुसावळकडून लांबच्या वळणानं जायला लागली. तिनं गेलं तर जळगाव दिसेपर्यंत दुपार. पायी पूल ओलांडला तरी पलीकडून पुढं न्यायला काही नव्हतं. शिवाय दुरुस्तीचं काम सुरू झालं की वाट बंद. म्हणजे सकाळी उजाडल्यापासून मजूर कामाला लागेपर्यंत जेवढ्या गाड्या सुटतील तेवढ्या सुटायच्या, बाकीच्यांनी दुपारपर्यंत वाळत बसायचं.

त्या सकाळी मला अजून दिसतात. नदीवरून धुकं उठायचं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, वाऱ्यानं फाटलेली त्यांची पानं फडफडायची. गाळाला उन्हानं भेगा पडून पापुद्रे सुटायचे आणि त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. आणि मधोमध ती रांग: जीपगाड्या, मेटॅडोर, डॉक्टरांच्या फियाट, व्यापाऱ्यांच्या अँबॅसिडर. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये माणसं टपावर बसलेली, मागच्या फळीवर लोंबकळणारी, आणि त्यांच्या पुढं एकेक गाडी अशी की आत एकच माणूस, हातात वर्तमानपत्र.

सरकारनं आधी सांगितलं, शासकीय गाड्या आधी. दुसऱ्या दिवशी बघावं तर प्रत्येक जीपच्या काचेवर लाल अक्षरात 'शासकीय'. कुणी घरच्या गेरूनं लिहिलेलं, कुणाचं शुद्धलेखन चुकलेलं. मग सांगितलं, जो आधी येईल तो आधी. तर आमच्या लोकांनी रॉकेलच्या रांगेतली पद्धत काढली. डब्याऐवजी दगड ठेवायचा आणि घरी जाऊन झोपायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. सकाळी पुलाच्या तोंडाशी दगडांची लांबलचक रांग! एकेका दगडावर गाडीमालकाच्या नावाचं अक्षर खडूनं काढलेलं. पुलावर नेमलेला झेंडेवाला डोक्याला हात लावून उभा.

हा झेंडेवाला धुळ्याकडचा, सोनगीरचा. सगळे त्याला नाना म्हणायचे. नानांची अहिराणी आमच्या बोलीपेक्षा निराळी, पण गळा असा की पैलतीरावर ऐकू जाईल. त्या दिवशी ते ओरडले, "बठ्ठा दगड उचला! गाडीले चाक ऱ्हातंस, दगडले नही!" लोक हसले. पण दगड कुणी उचलेना. माझा दगडाशी काही संबंध नव्हता, तरी मी कोपऱ्यात उभी राहून रडकुंडीला आले होते. चहाच्या टपरीवरचा रेडिओ सातच्या बातम्या सांगत होता.

त्याच आठवड्यात मामलेदार साहेब आले. टपरीच्या बाकड्यावर बसले. म्हणाले, "बोला. तुम्हीच सांगा, कुणाला आधी सोडायचं?"

"माल आधी," केळीचा एक व्यापारी म्हणाला. "केळं थांबत नही साहेब, कायं पडतं."

"आणि माणूस थांबला की गोरा होतो का?" मागून कुणीतरी.

मग एक म्हातारे उठले. काठीवर भार देऊन म्हणाले, "साहेब, पूल नव्हता तवा अठी नाव चाले. नावेवरला कोयी नाव भरल्याबिगर सोडे नही. पाटील आला तरी बसून ऱ्हाय. तोच कायदा लावा. भरली ती सुटली."

साहेब हसले. एका जुन्या नावेचा कायदा दुसऱ्या दिवसापासून सरकारी झाला. दोन रांगा. नदीच्या बाजूची भरलेल्या गाड्यांची, ती आधी सुटणार. बागेच्या बाजूची रिकाम्या गाड्यांची. मोटारीत निदान चार माणसं हवीत, जीपमध्ये जागा असतील तेवढी.

नियम झाला म्हणजे भांडणं संपली असं थोडंच असतं. खरी भांडणं तिथून सुरू झाली. चालवणारा मोजायचा का? मोजायचा. कडेवरचं पोर? अर्धं. शेळी? नाही. एकदा दिवस भरलेली सून घेऊन एक सासू फियाटमध्ये बसलेली. एक माणूस कमी पडत होता. सासू म्हणाली, "इच्या पोटात एक हाये ना! धरा चार."

नाना गंभीरपणे वाकून बघून म्हणाले, "पोटमा शे ते मोजाऊ नही, अक्का. भाईर येई तवय मोजसू." पण लगेच झेंडा हलवला आणि गाडी भरलेल्या रांगेच्याही पुढं काढून दिली. नियमात ते कुठंच नव्हतं.

लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, हे मसुद्यात कसं लिहू?" मलाही माहीत नाही. पण नाना नसते तर तो नियम पहिल्या आठवड्यात बुडाला असता, असं मला वाटतं. आणि ते असूनही तो बुडायची वेळ आलीच. रिकाम्या गाड्यांचे मालक माणसं गोळा करायला लागले. टपरीवरचे रिकामटेकडे चहाच्या बोलीवर मोटारीत चढायचे, पलीकडे उतरायचे आणि उलट येणाऱ्या गाडीत बसून परत. नाना त्यांना ओळखून होते. "काय रे भाऊ, सकायपाईन जळगाव तुले सापडी नही राहिनं का?" पण हाताला धरून कुणाला उतरवणार? शेवटी पलीकडे मैलभर पुढं दुसरा माणूस उभा केला. त्यानं पुन्हा मोजायचं; कमी भरली तर त्या गाडीला आठवडाभर रिकाम्या रांगेत. मग टपरीवरची गर्दी पांगली. उरलो आम्ही, ज्यांना खरंच जळगावला जायचं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि कमलअक्का. ही आमच्याच गल्लीतली. रोज वांग्यांची पाटी घेऊन जळगावच्या बाजारात जायची. जीपवाले यावलमध्येच गच्च भरून यायचे, आम्हाला आत शिरायला फट नसायची. अक्काच मला म्हणाली, "शोभे, जीपकडी नको पाहू. रिकाम्या मोटारीकडी पाय. त्याहिले आपली गरज हाये."

आपली गरज आहे! हे वाक्य मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. शाळेच्या पटावरून माझं नाव कमी झालं तेव्हा गुरुजींशिवाय कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. घरात आम्ही एवढ्या जणी की एक ताट कमी-जास्त झालं तरी चालून जायचं. आणि इथं मी नुसती आत बसले की एका अँबॅसिडरची रांग बदलत होती.

ती अँबॅसिडर यावलच्या कापडवाल्या शेठजींची. मूळचे मारवाडचे जैन, पण तीन पिढ्या इथं. रोज जळगावच्या ठोक बाजारात जायचे. एकटे. पहिल्या दिवशी नानांनी त्यांना अडवलं. "शेठ, गाडीमा तुम्ही एकलाच शेतस. मांगे व्हा."

शेठजींनी आमच्याकडे बघितलं. मग अक्काच्या लुगड्याकडे. केळीच्या चिकाचे काळे डाग होते त्यावर. कापडवाल्या माणसाला तो डाग काय असतो ते सांगायला नको. धुवून, उन्हात घालून, काही करून जात नाही. ते खाली उतरले, मागच्या सीटवर एक जुनी चादर अंथरली, चारी कोपरे नीट खोचले आणि म्हणाले, "बसा. टेकू नका."

चौथं माणूस म्हणून एक पेन्शनर तात्या पुढं बसायचे, ते वाटेत झोपायचे. आम्ही दोघी मागं न टेकता ताठ. गाडीत अगरबत्तीचा वास, पुढं काचेपाशी चिमुकली मूर्ती. पूल ओलांडेपर्यंत कुणी बोललं नाही. मग अक्काला राहवेना.

"शेठ, वांगं नेता का? भरताचं हाये, पहिल्या तोडीचं."

"आम्हाला वांगं चालत नाही, बाई."

"काहून?"

"बिया फार. जीव फार."

"मंग आता चौमासात कोथिंबीर तरी?"

"पालेभाजीही नाही."

अक्का बोटांवर उरलेल्या भाज्या मोजत बसली. मग कळवळून म्हणाली, "बाप्पा! मंग जगता कशावर?"

आरशात शेठजींचे डोळे दिसत होते. ते हसत होते.

रोजचं झालं मग. शेठजींची गाडी यायची, नाना लांबूनच झेंडा उंचवायचे, आम्ही चढायचो. मी तरी रोज घाबरायचे. आज शेठजी आजारी पडले तर? आज त्यांनी दुसऱ्या कुणाला बसवलं तर? देवाला सांगायचे की शेठजींना ताप देऊ नकोस. शेठजींसाठी नव्हे, खरं सांगायचं तर माझ्यासाठी. एकदा त्यांनी विचारलं, "तू कुठं उतरतेस रोज?" मी दवाखान्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पूल संपला की ते विचारायचे, "काल काय झालं तिथं?" मी सांगायचे. एक मुलगी झाली, पायाळू. एका बाईला जुळं, ती रडली, सासू नाचली. एक बाळ रडेचना, बाईंनी उलटं धरून पाठीत थापटलं तेव्हा कुठं रडलं. हे सांगताना शेठजींनी गाडी हळू केली होती. "जगलं ना?" त्यांनी विचारलं. "जगलं," मी म्हणाले. तात्या झोपेतून जागे होऊन म्हणाले, "छान, छान."

शेठजींच्या घरी कोण होतं, कोण नव्हतं, मी कधी विचारलं नाही. त्यांच्याशी बोलायला गाडीत कुणी नसायचं, एवढं मला कळत होतं. एक दिवस मागच्या सीटवर चादर नव्हती. मी अक्काकडे बघितलं, अक्कानं माझ्याकडे. आम्ही दोघी तरी तशाच ताठ बसलो. सवय झाली होती.

मी पुष्कळदा विचार करते की नियमानं नेमकं काय केलं. नियमाला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला डोकी हवी होती आणि माझ्यापाशी एक होतं. साहेबांना रांग आटोपायची होती, शेठजींना बाजार गाठायचा होता, मला आठ. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. तरी मला त्या सगळ्यांचे उपकार वाटतात, आजही, आणि का ते मला नीट मांडता येत नाही. लेक म्हणते, लोक आधी सोयीसाठीच एकत्र बसतात, पुढचं धोरणात लिहिता येत नाही. बरोबर असेल. ती शिकलेली आहे.

नवरात्र सरलं. बाजूच्या शेतात कपाशीची बोंडं फुटायला लागली. भराव पुरा झाला, खडी पडली, रोलर फिरला. लोकांनी नारळ फोडला, पेढे वाटले. नाना झेंडा गुंडाळून ट्रंकेवर बसले होते, सोनगीरला निघायचं म्हणून. मला म्हणाले, "का वं, तुले आनंद नही व्हयना का?"

कसा होणार? भराव झाला म्हणजे नियम संपला. रांगाच नाहीत तर भरलेली काय आणि रिकामी काय. एसटी इतक्यात येणार नव्हती. जड गाड्यांना दिवाळीपर्यंत मनाई होती. जीपवाले गच्च भरून न थांबता जाणार. आणि दिवाळीपर्यंतच तर बाईंनी मला बघायचं ठरवलं होतं. इतके दिवस निभावलं आणि शेवटच्या पंधरवड्यात सुटलं असतं. त्या रात्री साक्रीच्या पाहुण्यांचा निरोप आल्याचं बहिणीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नेहमीच्या जागी उभ्या. रस्ता मोकळा. इतका मोकळा की ओळखू येईना. पहिली जीप सुसाट गेली. दुसरीही. अक्का पाटी खाली ठेवून म्हणाली, "चल, पायी पूल तरी उतरू. तिकडी काही भेटलं तं भेटलं." तेवढ्यात अँबॅसिडर दिसली.

मी हात केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? आता त्यांना आमची गरज नव्हती. गाडी आली तशी आमच्यासमोरून निघून गेली. काच वर होती. मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे रचलेले दिसले. अक्का म्हणाली, "जाऊ दे, शोभे. माणूस भला व्हता." होता, असं म्हणाली. मी चपला हातात घेतल्या. चिखल नव्हता, तरी घेतल्या.

पुलाच्या मधोमध गाडी थांबली.

मागून येणारा मेटॅडोर करकचून थांबला. त्याच्यामागं जीप, तिच्यामागं फियाट. हॉर्न सुरू झाले. पुलावर गाडी उभी करू नये हे लहान पोरालाही कळतं, आणि शेठजी दार उघडून खाली उतरले होते. डिकी उघडून एकेक गठ्ठा मागच्या सीटवरून काढून आत कोंबत होते. कापडाचा माणूस, पण घडी मोडेल याची फिकीर नाही. मेटॅडोरवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ शेठ! पूल तुमच्या बापाचा का?"

"दोन मिनिटं थांब ना रे बाबा," शेठजी म्हणाले. "सवारी येते आहे."

आणि मग आमच्याकडे बघून, हात हलवून, कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं, "पळा ना! लोक शिव्या देतात!"

आम्ही पळालो. अक्काच्या पाटीतून वांगी घरंगळत होती, ती थांबून वेचत होती, मी तिला ओढत होते. खाली तापी संथ झाली होती. मागं अख्खा रस्ता तुंबला होता, हॉर्नवर हॉर्न, आणि त्या सगळ्या रांगेच्या पुढं एका माणसानं माझ्यासाठी दार धरून ठेवलं होतं.

मी आत बसले तेव्हा मला धाप लागली होती. शेठजींनी गाडी चालू केली, आरशात बघितलं आणि म्हणाले, "टेकून बस, शोभा."

मी टेकून बसले.